उजेड बघणारा रुद्रेश

पूर्णा जंक्शनात जन्मलेल्या पोराला रेल्वेचं वेड नसलं तरच नवल. रुद्रेशचं घर स्टेशनाच्या मागच्या गल्लीत होतं. वडील विरूपाक्षअप्पा यांचं किराणा दुकान होतं आणि गिऱ्हाईक बहुतेक रेल्वेचंच. ड्युटीवरून उतरलेले ड्रायव्हर साखर-पत्ती न्यायला यायचे, तेव्हा लहानगा रुद्रेश गूळ फोडायचं सोडून त्यांच्या गप्पा ऐकत बसायचा. मोठेपणी आपण इंजिनातच बसायचं, हे त्याचं तेव्हाच ठरलं होतं.

आयटीआय झालं, लेखी परीक्षा पास झाली. गल्लीत पेढेही वाटून झाले. मग डॉक्टरी तपासणी आली. डॉक्टरांनी त्याच्यापुढं रंगीत ठिपक्यांनी भरलेलं एक पान धरलं आणि विचारलं, "ह्यात कोणता आकडा दिसतो?"

"आकडा? कुठं?" रुद्रेशनं विचारलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं दोन-चार पानं उलटली, मग पुस्तक मिटून ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. लाल आणि हिरवा हे दोन रंग रुद्रेशच्या डोळ्यांना वेगळे कळत नव्हते. जन्मापासूनच. ज्याला सिग्नलचा रंग ओळखता येत नाही, त्याच्या हाती गाडी देता येत नाही.

घरी येऊन तो दोन दिवस न जेवता पडून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून अप्पा त्याच्या उशाशी येऊन बसले. कपाळावरची विभूती अजून ओली होती. म्हणाले, "शिवानं दिलेले डोळे हायेत बाबा. परत करता येत न्हाईत. कसे वापरायचे तेवढं बघ."

ते त्याला तेव्हा कळलं नाही. पण घरात बसवेना, म्हणून तो परभणीला आला, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि योगीराजकाकांच्या दुकानात कामाला लागला. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या असलं काम. आपल्या डोळ्यांचं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ते झाकून किती दिवस राहणार? एका लग्नाच्या फ्लेक्सवर नवरदेवाचा चेहरा असा हिरवट उतरला, की वरपक्षाची माणसं दुकानात येऊन ओरडायला लागली, "आमचा नवरदेव काय भूत हाय का?"

काकांनी त्यांना चहा पाजला, नवा फ्लेक्स छापून दिला आणि माणसं गेल्यावर रुद्रेशला विचारलं, "काय झालं रे?"

रुद्रेशनं सगळं सांगून टाकलं. उद्यापासून येऊ नको, असं ऐकायची त्याची तयारी होती. काकांनी चहाचे कप गोळा केले. मग म्हणाले, "मंग त्यात रडायलास कशाला? रंगाचं मी बघतो. तू उजेड बघ. तुझ्या हातचं अक्षर रस्त्यापलीकडून वाचता येतंय, ते ह्या बाजारात दुसऱ्या कुणाला जमना."

त्या एका वाक्यावर रुद्रेशचं पुढचं आयुष्य उभं राहिलं. काकांची शिकवायची रीतही निराळी होती. हे चुकलं, ते चुकलं, असं ते कधी म्हणाले नाहीत. छापून झालेलं काम दारात टांगायचे, रुद्रेशला घेऊन समोरच्या पानटपरीशी जायचे आणि विचारायचे, "हितून पयलं काय दिसलं?" रुद्रेश सांगायचा. "आणि तुला पयलं काय दाखवायचं होतं?" बस, एवढंच. दोन उत्तरं जुळली नाहीत, की काय करायचं ते त्याचं त्यालाच कळायचं.

काका आता नाहीत. रुद्रेशचं घरालाच लागून स्वतःचं दुकान आहे आणि रंग बघायला बायको, वैजयंती आहे. "हा जांभळा का निळा?" असं तो दिवसातून कितीदा तरी विचारतो आणि ती पोळ्या लाटता लाटता मान वळवून सांगते. दोघांचं काम शहरात नावाजलेलं. मात्र त्याच्या डोळ्यांची गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. काकांना सांगितली तीच शेवटची.

गेल्या वर्षी नीलम मॅडम दुकानात आल्या. शाळेत चित्रकला शिकवतात. एका वाचनालयाच्या मदतीनं त्यांनी जिल्ह्यातल्या पोरांसाठी डिजिटल चित्रांची स्पर्धा ठेवली होती. मोबाईलवर बोटानं काढा नाहीतर कॉम्प्युटरवर, विषय 'माझं गाव'. परीक्षक तिघं, त्यात रुद्रेश पाहिजे होता.

"नुसते मार्क नकोत," मॅडम म्हणाल्या. "पोरं चित्र पाठवतात, आपण मोबाईलवर अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळे होतो. त्यानं चित्र सुधारत नाही. पहिल्या फेरीत आपण प्रत्येकाला दोन-चार ओळी लिहायच्या. पोरं चित्रावर पुन्हा हात फिरवतील, परत पाठवतील, बक्षीस त्यानंतर."

रुद्रेश चाचरला. रंगांच्या स्पर्धेला असला परीक्षक? पण वैजयंती आतूनच बोलली, "घ्या मॅडम त्यांचं नाव. करतील."

चित्रं यायला लागली तसा तो त्यांत रमला. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं, की एक चित्र पडद्यावर लावायचं, खुर्ची पार भिंतीपर्यंत मागं सरकवायची आणि आधी काय दिसतं ते बघायचं. मग लिहायचं. रेल्वेचं इंजिन काढणाऱ्या एका पोराला त्यानं लिहिलं, 'इंजिनाचा एकेक खिळा तू जीव लावून काढलास, ते बघून मी थांबलो. पण गाडी अजून हवेत आहे. चाकांखाली थोडी सावली टाकून बघ, ती रुळावर उतरेल.' पाण्याच्या टाकीजवळची गर्दी काढणाऱ्या पोरीला लिहिलं, 'कडेच्या बाईची नुसती वाकलेली पाठ काढलीस, तीच सगळ्यात जास्त बोलते. बाकीच्यांचे चेहरे इतके रेखीव करायची गरज आहे का, विचार कर.' लिहिताना काकांचा आवाज कानात असायचा.

मग सोनपेठजवळच्या एका गावातून भक्ती नावाच्या कॉलेजातल्या मुलीचं चित्र आलं. नाव होतं, 'उसातली आई'.

रुद्रेशनं खुर्ची मागं नेली. ऊस दिसला. पाती सुरेख वळवली होती, वारा कळत होता. पण आई कुठंच नव्हती. तो जवळ गेला, चित्र मोठं करून बघितलं. शेवटी हाक मारली, "अगं, ह्यात बाई हाय का कुठं?"

वैजयंती बघायला आली आणि हसायलाच लागली. "अवो, मधोमध तर उभी हाय की! लालभडक लुगड्यात. पयली तीच दिसायलीय."

बाकीच्या दोन्ही परीक्षकांनी तर त्या लाल रंगाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. रुद्रेश बराच वेळ हाताची घडी घालून बसला. खोट चित्रात आहे का आपल्या डोळ्यांत? त्यानं चित्राचा रंग काढून ते काळं-पांढरं केलं. आता वैजयंतीलाही बाई शोधावी लागली. लुगड्याचा लाल आणि उसाचा हिरवा, दोन्ही सारख्याच अंधाराचे होते. आई नुसत्या रंगावर उभी होती, उजेडाचा तिला आधारच नव्हता.

'रंग सुंदर आहेत' असं लिहून सुटता आलं असतं. पण मग ज्याला रंग दिसत नाही, त्यानं रंगाबद्दल खोटं लिहिलं असं झालं असतं. आणि खरं लिहायचं, तर आजवर झाकलेलं उघडं करावं लागणार. सगळे अभिप्राय नीलम मॅडमच्या हाताखालून जाणार होते. चहा निवून गेला. मग त्यानं लिहिलं:

'भक्ती, तुझ्या उसात वारा आहे. पण तुझी आई मला दिसली नाही. ह्यात तुझी चूक नाही. मला जन्मापासून लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. माझ्या बायकोनं ती दाखवली, तेव्हा कळलं. तरी एकदा चित्राचा रंग काढून बघ. आईच्या खांद्यामागं थोडं ऊन ठेवलंस, तर माझ्यासारख्यालासुद्धा ती लांबून दिसेल. पटलं तर कर, नाही पटलं तर तुझं चित्र आहे तसंच चांगलं आहे.'

पाठवून दिलं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. संध्याकाळी नीलम मॅडमचा फोन आला. आता नाव काढून घेतील, असं त्याला वाटलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "रुद्रेशभाऊ, शिकवायला लागून इतकी वर्षं झाली, पण माझ्या वर्गातल्या कुणाला रंग दिसत नसतील, असं माझ्या कधी मनातच आलं नाही. बरं झालं लिहिलंत."

भक्तीचं उत्तर मात्र आलं नाही. पोरगी दुखावली बहुतेक, असं तो धरून चालला.

काही दिवसांनी दुकानापुढं तिघंजण येऊन उभे राहिले. एक मुलगी, तिची आई आणि डोक्याला रुमाल बांधलेले वडील. मुलगी म्हणाली, "सर, मी भक्ती. हे माझे पप्पा, दत्तराव. हे आपणहून म्हणले, सरला भेटायचंच."

दत्तराव बसेनात. उभ्यानंच बोलायला लागले, "साहेब, पोरगी चित्र काढती, दाखवती. मी म्हणायचो, लय छान हाय. आमाला चित्रातलं काय कळतंय! तुमचं लिवलेलं तिनं घरात वाचून दाखवलं, तवा मी म्हणलो, अगं, मला बी तुझी माय दिसली न्हाई. मी उसालाच छान म्हणलो होतो."

भक्तीचे डोळे भरून आले. "सर, मला वाटायचं पप्पांना माझ्या चित्रांत गोडीच नाही."

तिची आई, कमलबाई, पदर सावरत पुढं झाल्या. "आन् मी ह्यांना जल्मभर बोलले. लाल मिरच्या तोडायला धाडलं की हिरव्याच आणायचे. ध्यान कुठं असतंय, म्हणायची. आता कळलं, ध्यान जागेवर होतं."

"माझं मलाच तसं वाटायचं," दत्तराव म्हणाले. "आपण बेध्यानी हाव म्हणून."

भक्तीनं मोबाईल पुढं केला. सुधारलेलं चित्र होतं. पात्यांच्या फटीतून सकाळचं ऊन येत होतं आणि त्या उन्हाच्या कडेनं एक बाई उभी होती. एक हात कमरेवर, मान जराशी वाकडी. रुद्रेशनं वैजयंतीला विचारलं नाही. त्याला दिसत होती.

"हे तिनं मला दाखवलं," दत्तराव सांगायला लागले, "तवा तिनं काय बी सांगायच्या आदी मी बोट ठिवलं. म्हणलं, ही तुझी माय. अशीच उभी ऱ्हाती, मान वाकडी करून. साहेब, लेकीचं चित्र मी पयल्यांदा बघितलं. तुमचे लय उपकार झाले."

रुद्रेश पुढं झाला. त्यानं दत्तरावांचा हात धरला. उपकार कुणी कुणावर केले, हे त्याला सांगता आलं नसतं. ज्या डोळ्यांसाठी त्यानं एकेकाळी दोन दिवस अन्न सोडलं होतं, त्यांच्यासारखेच आणखी दोन डोळे समोर ओले झाले होते.

भक्तीला पुढं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं आलं ते इंजिनवाल्या पोराचं चित्र, आणि ते खरोखरच चांगलं उतरलं होतं.

पण ते नंतरचं; ती तिघं दुकानात आली त्या दिवशी सगळेजण चहाला बाहेर पडले. कप हातात घेऊन दत्तरावांनी हळूच विचारलं, "साहेब, त्या टेम्पोवरची ताडपत्री कोणच्या रंगाची हाय?"

रुद्रेशनं डोळे बारीक केले. "तपकिरी असंल."

"मला बी तसंच वाटायलंय," दत्तराव समाधानानं म्हणाले.

"हिरवीगार हाय ओ!" कमलबाई आणि वैजयंती एकदमच म्हणाल्या, आणि भर रस्त्यात पाचही जण पोट धरून हसले.