वालांचे नऊ ढीग

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी गणिताचा मास्तर... उत्तर जुळलं नाही तर आपलंच कुठेतरी चुकलं, एवढंच मानणारा. पण हे आता लिहूनच टाकतो.

साल २००१. विरार पश्चिमेला, बोळिंजमध्ये आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. उमेळ्याची वाडी विकली गेल्यावर बायकोच्या मंजूमावशी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. शाळेची पायरी न चढलेल्या. विसाच्या पुढे मोजायचं तर "एक वीस, दोन वीस" करायच्या.

तेव्हा मला एका कोड्याने पछाडलं होतं. एक ते नऊ अंक एकेकदाच वापरून एक संख्या करायची. तिच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनाने भाग जायला हवा, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला तिनाने, चारांच्या चाराने... असं थेट नऊपर्यंत. तीन महिने डोकं फोडत होतो, तेही मोठमोठ्याने पुटपुटत. घरातले वैतागले होते!

एका रविवारी सकाळी मावशी बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. समोर पेपरवर सोललेल्या वालांचे नऊ ढीग, एका रांगेत. सहज मोजले — तीन, आठ, एक, सहा, पाच, चार, सात, दोन, नऊ. धावत कॅल्क्युलेटर आणला. ३८ ला दोनाने, ३८१ ला तिनाने, ३८१६ ला चाराने... शेवटी ३८१६५४७२९ ला नवाने. सगळे भाग गेले! अंगावर सर्रकन काटा आला.

"मावशी, हे असं का मांडलंत?"

"काय की. हाताला आला तसा मांडला."

शाळेत मात्र मी सांगितलं, उत्तर मीच काढलं. स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ मिळालं. पहिल्या रांगेत बायको आणि मावशी. मुख्याध्यापकांनी विचारलं, कसं जमलं? "तीन महिन्यांची मेहनत," मी बेधडक म्हणालो. वर फुशारकी — अशा आणखी संख्या आहेत, पुढच्या वर्षी सांगतो!

घरी आल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "जावयबापू, दुसरा नाय. एकच हाय."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? तुम्ही वाल सोला."

शी! लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं. मावशी आत गेल्या. पुढच्याच वर्षी त्या वारल्या.

काही वर्षांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने कॉम्प्युटरवर सगळ्या, म्हणजे तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी मांडण्या तपासल्या. एकच निघाली. मावशींची.

त्यांना ते कसं ठाऊक होतं, मला आजही सांगता येत नाही. तो निकाल कळला त्या संध्याकाळी बायकोपुढे सगळं कबूल केलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"माहितीये मला," ती म्हणाली. "तू स्टेजवर बोलत होतास ना, तेव्हा मी उठणारच होते. मावशीने हात धरून खाली बसवलं. म्हणाली, बोलू नको गो... चार मानसांत त्याची लाज जाईल."