व्याह्यांची कापडी हरिणी

३१ जुलै २०२४, बुधवार. सकाळी ऊन, नंतर ढग. ज्ञानदाने पडदे धुवायला काढले. व्याही न्याहारीच्या वेळी आले. तो लंगडा हरणाचा नर काल पुन्हा जवळ आला आणि पुन्हा पळाला. व्याह्यांनी कॉफी अर्धी टाकली. असं कधी होत नाही.

हार्टमूट माझ्या ज्ञानदाचे सासरे, जावई योर्गचे वडील. जर्मनीतल्या येना शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि घर अजून तिथेच आहे. सगळी नोकरी त्यांनी भिंगं घासण्यात घालवली. शिकारीचा परवाना तरुणपणीच काढलेला. बर्लिनची भिंत पडायच्या आधी बंदूक स्वतःची नसे, मागून आणायची आणि संध्याकाळी परत द्यायची, हे ते अजूनही आश्चर्य वाटल्यासारखं सांगतात. मी इथे आले तेव्हा ज्ञानदाने त्यांना 'विहीणबाई' म्हणायला शिकवलं आणि त्यांनी ते लगेच उचललं. माझं जर्मन कॉन्व्हेंटमधल्या बव्हेरियन सिस्टरकडून आलेलं. ते म्हणतात, "विहीणबाई, तुम्ही मीठ मागता तेव्हासुद्धा मला चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं."

मी शाकाहारी, ते शिकारी. पण आमचं कधी बिनसलं नाही. ते मांस घरी आणत नाहीत, मी त्यांच्या बंदुकीबद्दल बोलत नाही. त्या बुधवारी मात्र मी विचारलं.

नराचा पुढचा पाय एका मोटारीने मोडला होता. इथलं छोटं हरीण, त्याला 'रे' म्हणतात. पाय लोंबतो आहे, जखमेवर माश्या बसतात, आणि दिवसभर ते उंच मक्यात दडून असतं, त्यामुळे शोधून सापडत नाही. गोळी घालून त्याला यातनेतून सोडवण्याचं काम जंगलाच्या त्या तुकड्याच्या मालकाने व्याह्यांवर सोपवलं होतं.

"हे दिवस माजाचे," ते म्हणाले. "मादीच्या आवाजाला तो तीन पायांवरही बाहेर येतो. येतोच आहे. माझ्या कापडी हरिणीपर्यंत येतो, मान वर करतो, भुंकतो आणि जातो. हे जमलं नाही तर मी मचाणाची किल्ली परत देणार. ज्या माणसाला दुखणाऱ्या जनावराला मोकळं करता येत नाही, त्याने वर बसून काय करायचं?"

"ठेवता तरी कशी ती हरिणी? दाखवा."

हेच हवं होतं त्यांना. त्यांनी माझा रव्याच्या लाडवांचा डबा टेबलाच्या टोकाला ठेवला. "हे मचाण." मग टोपलीतला बटाटा उचलला. "ही हरिणी. मचाणाच्या पायाशी नाही ठेवायची, नाहीतर त्याची नजर थेट माझ्यावर येते. झुडपात लपवायची नाही, लांबून दिसली पाहिजे, अचानक दिसली की तो बिचकतो. नर मादीच्या मागून येतो, म्हणून तिची पाठ मोकळ्या गवताकडे. शेपटीला कागदी रुमालाचा तुकडा, वाऱ्यावर हलायला. निर्जीव वस्तू हलली नाही की त्याला संशय येतो."

"आणि वारा?"

"गेनाऊ! अगदी बरोबर, वारा सगळ्यात मोठा." त्यांनी बटाट्यावर फुंकर घातली. "नर आधी वारा जिकडे जातो त्या बाजूला फिरून येतो आणि तिथून हुंगतो. ती जागा माझ्यासमोर हवी. सगळं तसंच केलं. हातमोजे घालून लावली. तरी पळतो."

"नेमका कुठे थांबतो?"

त्यांनी टेबलावर बोट ठेवलं. हुंगण्याच्या जागी.

त्यांची सॅक खुर्चीला टेकवलेली होती. हरिणी छत्रीसारखी घडी होणारी, कापडी, ती आतच होती. मी सॅकचा बंद सोडला आणि मागे सरले. लसूण! माझी लसणाची चटणी. व्याह्यांना ती फार आवडते, मचाणावर ब्रेडला लोणी आणि वर चटणी. डबीचं झाकण सैल झालं होतं आणि तेल हरिणीच्या घडीत मुरलं होतं.

"व्याहीबुवा, याला वास येतो."

"कसला?"

मी हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. ते भाबडेपणाने माझ्याकडे बघत राहिले. माझे डोळे चुरचुरत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी हातातला बटाटा फिरवला. "कोरोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यापासून. सगळं गेलं. जंगल, कॉफी, सगळं. योर्गला सांगू नका. शिकाऱ्याला नाक नाही म्हणजे..." त्यांनी बटाटा टोपलीत परत ठेवला. "चटणी तेवढी कळते. जिभेला टोचते म्हणून."

"मग माझ्या आमटीचं कौतुक करता ते?"

"तुमच्या मुलीचं तोंड बघतो. पहिल्या घासाला ती डोळे मिटते. मग मी म्हणतो, वा."

मला इतकं हसू आलं की खुर्ची धरावी लागली. तेही हसले. मग मी कामाला लागले. मी खायच्या सोड्यात हरिणी भिजवली, त्यांचं जाकीट भिजवलं, सॅकसुद्धा. तिन्ही वस्तू बागेतल्या दोरीवर वाळत टाकल्या. शेजारच्या बाई कुंपणाशी आल्या आणि दोरीवर चिमट्यांनी लटकलेल्या हरिणीकडे पाहून काही न विचारता परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. "विहीणबाई, चला. मला नाक हवंय."

"मी बघणार नाही हं."

"नका बघू. हुंगा फक्त."

ऐन दुपारी निघालो. उन्हात माजावरचा नर जास्त फिरतो म्हणे. हरिणी लावायच्या आधी त्यांनी ती माझ्यासमोर धरली. मी पाठीपासून कानापर्यंत हुंगली. कापड, ऊन, बाकी काही नाही. मग त्यांची कॉलर हुंगली. ते शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले. मी मान हलवल्यावर त्यांनी हरिणी उभी केली, आणि त्यांचा हात धरून मी मचाणाची शिडी चढले.

त्यांनी बीच झाडाचं पान ओठांशी धरलं आणि त्यातून बारीक आवाज काढला, लहान बाळाने कुरकुर करावी तसा. थांबले. पुन्हा काढला. कागदी शेपटी हलत होती.

मका हलला. मी डोळे मिटणार होते, मिटले नाहीत. तांबूस नर बाहेर आला, तो पाय दोरीसारखा झुलत होता. तो लांबून फिरून नेमका हुंगण्याच्या जागी गेला. नाक वर केलं. शेजारी व्याह्यांनी बंदूक खांद्याला टेकवली. नराने मान खाली घातली आणि एक एक उडी घेत हरिणीच्या मागे आला. तेव्हा आवाज झाला. तो जागेवर कोसळला, हललाही नाही.

खाली उतरून व्याह्यांनी टोपी काढली. इथली रीत आहे, मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. त्यांनी ओकची डहाळी तोडली आणि माझ्या हातात दिली. मी वाकून ती ठेवली. घास ठेवायला मला काही शिकवावं लागलं नाही.

"आता पाय हुंगा," ते हळूच म्हणाले. "मांस चांगलं आहे का, मला कळणार नाही. मला फक्त दिसतं."

मी जवळ गेले. गोडसर, कुजका वास. "नाही. खाण्यासारखं नाही. कुजणं वरपर्यंत पोहोचलंय."

"म्हणजे आणखी आठवडाभर तो..."

"हो. तुम्ही वेळेत आलात."

त्यांनी टोपी घातली, पुन्हा काढली, तिच्याच कडेने डोळे पुसले. मग म्हणाले, "योर्गला आज सांगतो. नाकाचं. आणि किल्ली देत नाही. पण पुढच्या वर्षी यावं लागेल तुम्हाला."

"अहो, मी शाकाहारी आहे."

"म्हणून तर! दुसऱ्या कुणाला नेलं तर तो आधी भाजायचा विचार करेल."

त्या संध्याकाळी मी डायरीत ऊन, वारा आणि नराचं लिहिलं; नाकाचं नाही, ते व्याहीच सांगणार होते. खाली एक ओळ: तळघरातला दिवा गेला आहे, योर्गला नवा आणायला सांगितलं.