साहेबांसाठी गारवा

नव्वदच्या दशकात मी सांगलीजवळ सायझिंगच्या कारखान्यात होतो. सायझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ पाजायची आणि वाफेनं तापलेल्या लोखंडी ढोलांवरून ते वाळवून काढायचं. चैत्रात आत असं तापायचं, की पत्र्यावर बसलेला कावळा उडायच्या आत भाजून निघायचा. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा. पुन्हा एकही फिरकला नाही.

ढोलांपाशी उभे असायचे ते कुंडलचे दादा, आमच्यात सगळ्यांत थोरले. त्या उन्हाळ्यात ते दोनदा घेरी येऊन पडले. डॉक्टरनं बजावलं, पुन्हा पडलात तर उठणार नाही. कारखान्यात हवा खेळती हवी, उष्णता माणसाला सोसेल एवढीच हवी, असा कायदा आहे हे कुणीतरी सांगितलं. दादांनी तक्रार दिली. तपासणीचे साहेब येणार असं कळलं.

आता साहेब येणार म्हणजे पाहुणाच की! सकाळपासून आम्ही फरशीवर पाणी मारलं, दारं सताड उघडली, खिडक्यांना भिजवलेली पोती टांगली. सगळ्यांत पुढं दादा.

"आवं दादा, तुमी तरी बसा."

"गप रं. माज्यापायी येत्यात त्ये. उकडलं तर काय म्हंतील?"

एरवी पाणी प्यायला गेलं तरी कोकलणारा मुकादम नुसता बघत होता. मग मधाळ आवाजात म्हणाला, "वाफबी बंद ठेवा रं आज. मशीनच्या आवाजात सायबास्नी काय ऐकू येनार?"



साहेब आले. कपाळ पुसून म्हणाले, "वा! बाहेरच्यापेक्षा इथं बरं आहे."

"पोती आजच लावल्यात, सायेब," मी म्हटलं.

"छान. रोज लावत जा."

आणि गेले.

जीप वळायच्या आत मुकादमानं वाफ सोडली. वाऱ्यानं सूत तुटतं म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. ओली पोती बघता बघता पापडासारखी कडक झाली. दादा ढोलांकडे निघाले.

"दादा, घरला जावा आज."

"जाऊन काय सांगू? सायेब म्हनले, बरं हाय."

दुपार चढली. आम्ही बाकीचे असे निथळत होतो, की पायाखाली मासे सोडले असते तर जगले असते. दादा ढोलांपाशीच उभे. मी त्यांच्या पाठीला हात लावला. तापलेला तवा, आणि घामाचा टिपूस नाही.

"दादा?"

त्यांनी मान वळवली नाही.

"आता लय गार वाटतंय गड्या," म्हणाले.