ओढ्यात उतरलेली काळी पूड

पुण्याहून सकाळी सहाची एसटी पकडली तेव्हा मी फार खुशीत होतो. ज्ञानोबाकडे मासे खायला निघालो होतो. ज्ञानोबाने आणि मी एकाच टायर कारखान्यात तीस वर्षं काढली; मी प्रयोगशाळेत, तो रबर कालवायच्या मशीनवर. निवृत्तीनंतर तो बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेला आणि गावच्या पाझर तलावात मासे पाळणाऱ्या सोसायटीचा सभासद झाला. "सायेब, एकदा कटला खायाला या की," असं दर दिवाळीला फोनवर म्हणायचा. या फाल्गुनात शेवटी योग आला.

जामखेडनंतर रस्ता रुंद, नवाकोरा लागला. पाटोद्याच्या अलीकडे बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी थांबली. मागचं टायर गेलं होतं. ते रिमोल्डचं (झिजलेल्या टायरवर नवा पट्टा चिकटवलेलं) होतं आणि पट्टा सुटून मागे रस्त्यावर पडला होता. "कावून थांबली?" म्हणत एक म्हातारबा उतरले. पट्टा कसा चिकटवतात, का सुटतो, हे मी त्यांना सविस्तर सांगितलं.

"तुमाला लई माहिती हाय," ते म्हणाले.

"आयुष्य त्यातच गेलं," मी म्हणालो. त्या बोलण्यात मोठेपणा होता, तो आता लिहिताना टोचतो.

केजच्या स्टँडवर ज्ञानोबा मोटारसायकल घेऊन उभा होता. युसूफ वडगावच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना हरभरा निघालेली मोकळी रानं, मधेच वाळत आलेली करडई आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या ओढणारे. त्यांच्या मागे टायरगाड्या (रबरी चाकांच्या बैलगाड्या). एरवी तोंड न मिटणारा ज्ञानोबा घर येईपर्यंत दोन शब्द बोलला असेल.

जेवायला भाकरी, पिठलं, कारळ्याची चटणी आली. मी हसत विचारलं, "मासे कुठायत?"

वहिनी उठून आत गेल्या. ज्ञानोबा ताटाकडे बघत म्हणाला, "मेले, सायेब. सारे."

आठ दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावातले मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडत होते, गोल गोल फिरत होते आणि दुपारपर्यंत पोट वर करून तरंगायला लागले. मागच्या पावसाळ्यात सोडलेली बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) आता कुठे हातभर झाली होती. खड्डा खणून, वर चुना टाकून सगळे पुरले. नमुना कुणी घेतला नाही.

"कशाने मेले?"

"शांताबाईनं मारले. टरबुजावर फवारा मारलता तिनं, पावसाच्या आदल्या दिवशी."

संध्याकाळी आम्ही तलावावर गेलो. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या तळाच्या जमिनीत इथे पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. बांधाजवळ शांताबाईचा गाळपेरीचा तुकडा होता. तिथे टरबुजांचे वेल मुळासकट उपटून एका बाजूला रचले होते. त्यांना लिंबाएवढी फळं अजून लटकत होती, सुरकुतलेली.

"हे कुणी केलं?"

"सोसायटीनं," तो म्हणाला. थोडं चालल्यावर म्हणाला, "मी बी व्हतो."

मी विचारलं, पहिले मासे कुठे मेले? त्याने समोरच्या टोकाला हात केला, जिथे ओढा तलावाला मिळतो. शांताबाईचा तुकडा त्याच्या अगदी विरुद्ध बाजूला. तिचं औषध उलटं पोहत गेलं होतं का? उजेड होता तोवर आम्ही ओढ्याने वर चालत निघालो.

ओढा कोरडा होता, पण तळाशी चिखलावर काळा थर बसला होता. बोटांत चोळून पाहिला. कणीदार, चिवट. वास घ्यायचीही गरज नव्हती, तरी घेतला; रबरच. ओढा जिथे हमरस्त्याखालच्या मोरीतून बाहेर पडतो, तिथे वर एक रिमोल्डचं दुकान आहे. जुन्या टायरची पाठ मशीनवर खरवडतात, त्याची पूड दुकानामागे साठली होती. पुरुषभर उंच ढीग, थेट मोरीच्या तोंडावर. त्यात रस्त्याच्या वळणावरची, ब्रेक मारून घासलेली काळी धूळही पावसाने वाहून येत असणार.

दुकानाचा मालक खुर्चीत बसला होता. "कचरा हाय तो," तो म्हणाला. "रबर हाय, काय विष हाय का? पाऊस आला की आपोआप साफ व्हतं."

परतताना मी ज्ञानोबाला सांगितलं. टायरला तडे जाऊ नयेत म्हणून रबरात एक रसायन घालतात. ते हळूहळू टायरच्या वरच्या थरावर येतं, हवेशी मिसळून त्याचं दुसरंच काही होतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातं. परदेशातल्या ओढ्यांत एका जातीचे मासे त्याने काही तासांत तडफडून मेल्याचं मी निवृत्त झाल्यावर वाचलं होतं. दुसऱ्या काही जातींना मात्र काही झालं नव्हतं. आपल्या कटला-रोहूंचं मला माहीत नाही. त्या पुडीत इतरही बरंच काही असतं.

ज्ञानोबा थांबला. "म्हंजे तो तपकिरी दाणा? घमेल्यानं टाकायचो तो?"

"तोच."

"तुमी चिठ्ठी द्यायचे किती टाकायचा त्याची."

"हो."

सकाळी आम्ही शांताबाईच्या घरी गेलो. पन्नाशीची, काटक बाई; अंगणात तुरी पाखडत होती. ज्ञानोबाला बघूनही तिने सूप खाली ठेवलं नाही. मी सगळं सांगितलं. कारखान्यात आम्ही दोघं काय करायचो तेही सांगितलं. ती पाखडत ऐकत राहिली.

"नक्की तसंच झालं, असं मी सांगू शकत नाही," मी शेवटी म्हणालो. "तपासणी व्हायला हवी होती."

आता तिने सूप ठेवलं. माझ्याकडे नाही, ज्ञानोबाकडे बघितलं. "माजे वेल उपटताना नक्की व्हतं का तुमाला?"

ज्ञानोबाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "चुकलं, बाई."

"चुकलं तर लावा परत," ती म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं.

दुपारी सोसायटीची बैठक झाली. मी बोललो. एकाने विचारलं, "सायेब, टायरनं मासे मरते तर आमी कसे जित्ते?" सगळे हसले. मीही क्षणभर हसलो, याची लाज वाटते. मग ज्ञानोबा उभा राहिला आणि म्हणाला, शांताबाईचा दोष नव्हता, आपण तिची माफी मागायला पाहिजे. हसणं थांबलं, पण कुणी उठलं नाही. बऱ्याच वादावादीनंतर ठरलं ते असं: पुन्हा भांडण नको म्हणून पुढच्या वर्षी गाळपेर कुणालाच करू द्यायची नाही. दुकानाच्या मालकाला ढीग हलवायला सांगायचं. मालक बैठकीतच होता. "उद्यालाच हलवतो," तो म्हणाला, आणि लोकांनी त्याला भला माणूस म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ज्ञानोबा मला केजला सोडायला निघाला. मोरीशी त्याने गाडी थांबवली. दुकानामागची जागा खरोखर मोकळी झाली होती, जेसीबीच्या दातांचे ताजे ओरखडे तिथे दिसत होते. आम्ही कठड्यावरून खाली वाकलो. सगळा ढीग ओढ्यात लोटला होता. काळी पूड पात्र भरून तलावाच्या दिशेने पसरली होती.

मी दुकानात जाऊन आवाज चढवला. मालक शांतपणे म्हणाला, "हलवा म्हनले, हलवलं. आता रस्त्यावरनं दिसतं का?"

ज्ञानोबाने मला हाताला धरून बाहेर आणलं. केजला एसटी लागली होती. निरोप घेताना तो एवढंच म्हणाला, "शांताबाईचं काय करू, सायेब?"

घरी आल्यावर तहसीलला पत्र लिहिलं. माझं नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं, सगळं घालून. त्याला उत्तर नाही. ज्ञानोबाचा फोन येतो. तो दोनदा खोरं घेऊन ओढ्यात उतरला, एकटाच. पूड संपत नाही. शांताबाई त्याच्याशी अजून बोलत नाही.

प्रयोगशाळेत आम्ही टायर झिजवून बघायचो. मशीनवर फिरवायचं, मग वजन करायचं, किती कमी भरलं ते वहीत लिहायचं. आकडा लहान आला की एकमेकांना चहा पाजायचो. कमी भरलेलं ते रबर गेलं कुठे, हे तीस वर्षांत आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मीही नाही.