विमानवाला हॉइट

हॉइट स्पर्लॉकचा जगात कुणावरही विश्वास नव्हता आणि अलाबामातल्या टॅलोवा गावात याला शहाणपण म्हणत. चौतीस वर्षं त्यानं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. ड्रायव्हर म्हणाला ब्रेक बिघडलाय, तर हा आधी ड्रायव्हरचे बूट तपासायचा. निवृत्त झाल्यावर हा सगळा संशय मोकळा पडला, तो त्यानं कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या पायाशी वाहिला.

त्या डिसेंबरात कोचला हाकललं होतं. पलीकडच्या कॉलेजकडून सलग चौथ्यांदा मार खाल्ल्यावर दुसरं काय होणार? आता नवा कोण, हे जाहीर व्हायच्या आधी ओळखायचं, ही अलाबामात रीतच आहे. कॉलेजचे धनवान देणगीदार आपलं विमान पाठवून कोचला गुपचूप आणतात आणि गावकरी विमानांच्या मागावर राहतात. हॉइट धावपट्टीच्या कुंपणाशी घडीची खुर्ची टाकून बसायचा. दुर्बीण, वही आणि उकडलेल्या शेंगांची पिशवी एवढा त्याचा संसार.

बुधवारी फोनवरच्या नकाशात ओहायोहून एक विमान येताना दिसलं. हॉइटनं छातीठोक सांगितलं, तिकडचा तो नामांकित कोच आला! बघता बघता दोनशे माणसं फलक घेऊन जमली, बँडवाल्यांनी ढोल आणला. दार उघडलं आणि कुबड्या टेकत कोंबड्यांचा व्यापारी मर्ल टीग उतरला, गुडघ्याचं ऑपरेशन करून. बिचाऱ्याला वाटलं, सगळे आपल्याचसाठी आलेत. तो रडलासुद्धा.

हॉइटचं नाव ‘विमानवाला’ पडलं ते त्या दिवशी.

शुक्रवारी खरं नाव कळलं आणि गावाचं डोकंच फिरलं. केंट ब्रॅनिगन! पलीकडच्या कॉलेजचा जुना सहायक कोच. चाळीस गुणांनी पुढे असताना शेवटच्या मिनिटाला आपल्यावर आणखी एक टचडाऊन, म्हणजे वर सहा गुण, चढवायला लावणारा तो हाच. कॉलेजच्या आवारातल्या मोठ्या दगडावर कुणीतरी ‘ब्रॅनिगन, परत जा’ असं रंगवलं. कॉलेजचे प्रेसिडेंटसाहेब म्हणाले, ‘‘सगळ्यांच्या मुलाखती झाल्या, मग गुरुवारी आम्ही ब्रॅनिगनना पहिल्यांदा भेटलो.’’

‘‘कुठंतरी पाणी मुरतंय,’’ हॉइट जेवताना म्हणाला. त्याची बायको नेल्डा कॉलेजच्या खानावळीत स्वयंपाक करायची आणि पाहुणे असले की प्रेसिडेंटच्या घरीही.

‘‘माणूस वाईट नाही रे तो,’’ ती सहज बोलून गेली. ‘‘दोनदा वाढून घेतलं. फक्त गोडातला पीकन पाय नको म्हणाला.’’

हॉइटचा काटा हवेतच थांबला. ‘‘कधी?’’

नेल्डाचा चेहरा पांढरा पडला. ‘‘मंगळवारी,’’ ती म्हणाली. ‘‘गाडीनं आला होता. हॉइट, घरातसुद्धा बोलायचं नाही म्हणून बजावलंय मला. तिघांचाच स्वयंपाक होता. हे बाहेर गेलं तर कुणी सांगितलं ते विचारावंही लागणार नाही. बावीस वर्षांची नोकरी आहे माझी.’’

मंगळवारी! म्हणजे बाकीच्या मुलाखती नुसता देखावा होत्या. हॉइटचा संशय आयुष्यात पहिल्यांदा शंभर टक्के खरा ठरला होता आणि तो गिळायचा? सोमवारी न्हाव्याच्या दुकानात त्याचा दोस्त डब क्रेनशॉनं त्याला बरोबर हेरलं.

‘‘लेका, तुला काहीतरी कळलंय. तोंडात तीळ भिजत नाही तुझ्या आणि आज गप्प कसा?’’

‘‘पाच वाजता रेडिओ लाव,’’ हॉइटच्या तोंडून निघून गेलं.

पाचला फुटबॉलवर लोकांच्या फोनचा कार्यक्रम लागतो आणि तो अख्खं गाव ऐकतं. हॉइट पस्तीस मिनिटं फोन कानाला लावून बसला होता. मग निवेदक ओरडला, ‘‘अरे, आपले विमानवाले! काय हॉइट, आज कोण उतरलं? कोंबड्या?’’

सांगून टाकावं, असं हॉइटला फार वाटलं. दोन वाक्यांत प्रेसिडेंटची अब्रू गेली असती आणि हॉइटची गेलेली परत मिळाली असती. मंगळवार हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण त्याला नेल्डाचा पांढरा पडलेला चेहरा आठवला.

‘‘मला वाटतं,’’ तो अडखळत म्हणाला, ‘‘माणसाला एक हंगाम तरी द्यावा.’’

मग निवेदक म्हणाला, ‘‘फुकट तिकिटं कितव्या रांगेतली मिळाली हो?’’ आणि फोन तोडला. लगेच डबचा आला. ‘‘तूसुद्धा विकला गेलास!’’ एवढंच बोलून त्यानंही आपटला.

साडेसहाला नेल्डा घरी आली. तिच्या हातात तिचा एप्रन होता, सुऱ्या होत्या आणि खानावळीत ठेवलेली तिची स्वतःची बिडाची कढई होती.

‘‘तू पाचला बोलणार आहेस, हे डबच्या बायकोनं सांगितलं मला,’’ ती म्हणाली. ‘‘मग चारलाच गेले प्रेसिडेंटकडे. म्हटलं, साहेब, माझ्या तोंडून घरी निघून गेलं, मीच नोकरी सोडून जाते. त्यांनी थांब म्हटलं नाही.’’

‘‘अगं, पण मी सांगितलंच नाही!’’ हॉइट ताडकन उठला. ‘‘शपथ घेतो, नेल्डा. अवाक्षर नाही काढलं.’’

नेल्डा त्याच्याकडे बघत राहिली. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे असं संशयानं कधी बघितलं नव्हतं. कढई तिनं सावकाश ओट्यावर ठेवली.

‘‘डबला फोन लाव,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच्या तोंडून ऐकते.’’

हॉइटनं लावला. घंटा वाजत राहिली आणि डबनं काही तो उचलला नाही.