बोटभर दाबलेला माळा

शेलार गावच्या दीक्षाला कुणी विचारलं, "तू ऑफिसात नक्की करतेस काय?" की ती सांगे, "गोदामं पाडते. कंप्युटरवर." आलेली स्थळं चहा अर्धा टाकून उठत.

खरं म्हणजे गोदामातल्या लोखंडी माळ्याला किती ओझं झेपेल, हे ती तपासायची. त्याच्या रीती दोन. एक, माळ्यावर ओझं ठेवायचं आणि तो किती वाकतो ते बघायचं. दुसरी, तो बोटभर खाली दाबायचा आणि त्याला किती जोर लागला ते बघायचं. पहिल्या रीतीत ओझं झेपेनासं झालं की हिशेब मधेच बंद पडतो. दुसरीत पडत नाही. बोटभर म्हटलं की बोटभरच. माळ्याचं कंबरडं मोडलं तरी चित्र पूर्ण येतं.

अंजूरच्या प्रितमशेठला आपल्या गोदामात कपड्यांसाठी बांधलेल्या माळ्यावर टाइल्स चढवायच्या होत्या. त्याच माळ्याखाली दीक्षाची आई शेवंता पॅकिंगला बसायची. दीक्षाने टाइल्सचं ओझं दिलं. हिशेब बंद पडला. पुन्हा दिलं, पुन्हा बंद.

"अगं, अडकतोय तर दाबून चालव ना!" तिचे साहेब ओमकार म्हणाले. "शेठ फोन करून डोकं खातोय."

तिने चालवलं. लग्नाच्या आल्बमात लावावं असं रंगीत चित्र आलं.

"बघ, झालं की!"

"सर, जोर बघा ना. टाइल्सच्या वजनाच्या निम्मासुद्धा न्हाय. टाइल्स काय बोटभर खाली येऊन थांबणारेत?"

"तुला रिपोर्टवर सही करायची नसेल तर मी करतो." आणि त्यांनी केली.

घरी येऊन दीक्षा म्हणाली, "आई, उद्यापासून गोदामात जायचं न्हाय. माळा पडंल."

"तुझ्या कंप्युटरला माझीच ड्युटी खुपते का गं?" शेवंता हसली. पण लेकीचा चेहरा बघून 'बरं' म्हणाली.

पॅकिंगच्या बायकांत एक रीत आहे. आपण गेलो नाही तर जागा जाते, म्हणून शेजारणीला बदली पाठवायची. त्यात 'का' म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. लेकीचा जीव शांत राहावा म्हणून शेवंता घरी बसली, आणि जागा राहावी म्हणून सकाळी तिने शेजारच्या हौसाला हाक मारली.

"माझ्या ड्युटीवर जातेस का गं आज?"

"जाते की. तू लोळ राणीसारखी!"

दुपारी टाइल्स चढत असतानाच माळा खाली आला. हौसा जागच्या जागी गेली.

चौकशीला आलेल्या फौजदारांना दीक्षाने दोन्ही हिशेब दाखवले. त्यांना चित्रातलं काही कळलं नाही, पण बाकीचं कळलं.

"म्हणजे पडणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. साहेबांना सांगितलं होतं. आईलापण."

"आणि तिथल्या बाकीच्या बायकांना?"

"आईला सांगितलं ना," दीक्षा म्हणाली, "मग मला वाटलं, झालं."