देवळातला अ‍ॅम्प आणि एक न जमलेला सौदा

आंबा घाट उतरताना लोक गाडी थांबवून दरीचे फोटो काढतात. मी विलासला शिव्या देत उतरलो, त्यामुळे दरी कशी होती ते मला सांगता येणार नाही. खोल असावी. बहुतेक दऱ्या असतात.

विलास कोण ते आधी सांगतो, नाहीतर ऐन जानेवारीत दुकानाला कुलूप लावून मी जुन्या व्हॅनमधून कोल्हापूरहून रत्नागिरीला का निघालो हे कळायचं नाही. विलास आणि मी मिळून लग्न-हळदीत वाजवणारा ऑर्केस्ट्रा काढला होता. गाणारा तो, गिटार माझी. गिटारचा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) आम्ही निम्मे निम्मे पैसे घालून घेतला आणि त्याच्या घरी ठेवला. त्याच्याकडे रिकामी खोली होती आणि माझ्याकडे विश्वास होता. पुढं भांडण झालं तेव्हा त्यानं निवाडा दिला: वस्तू ज्याच्या घरात, त्याची. वर म्हणाला, “तुझी गिटार तुझ्याकडंच आहे की.” केवढं मोठं मन!

मग मी स्वतःची पार्टी उभी केली. पहिली हळद मिळाली, तीही नेमकी विलासच्याच गल्लीत. गिटार ऐकू आली नाही तर कोण गच्चीवर उभा राहून हसेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आमच्या धंद्याचा अ‍ॅम्प साधा चालत नाही. एकाच रात्री भक्तिगीत, लावणी, गझल, आणि नवऱ्या मुलाचे मित्र ‘जरा जाऊन’ आले की रॉक. म्हणजे आवाज गझलेला मऊ, लावणीला चुरचुरीत आणि रॉकला फाटका हवा. नवे अ‍ॅम्प हे सगळं करतात, फक्त त्यासाठी आपलं दुकान विकावं लागतं. माझं दुकान बॅटऱ्यांचं. गॅरेजात फरशी पुसण्यापासून सुरुवात करून उभं केलेलं. ते विकायचा विचार नव्हता, म्हणून जुना अ‍ॅम्प शोधायचा ठरला. जुन्या मालात मी कुणाला ऐकत नाही.

फोनवर रत्नागिरीची जाहिरात सापडली होती. ‘सर्व प्रकारच्या संगीतास योग्य. जवळपास नवा.’ जाहिरात वाचून मी खूश झालो, यावरून माझी अवस्था ओळखावी.

हातखंब्याला महामार्गाचं काम चालू होतं. ते कधीपासून चालू आहे हे विचारायचं नसतं, असं चहावाल्यानं मला समजावलं. वळणरस्त्याच्या बाणाप्रमाणे गेलो तर गोव्याच्या तोंडाला लागलो. परत फिरून दुसऱ्या बाणाप्रमाणे गेलो तर पुन्हा त्याच चहावाल्यासमोर. तो हसला नाही. त्यानं नुसता दुसरा कप पुढं केला.

रत्नागिरीत पोचलो ते भर दुपारी. जाहिरातवाले अप्पा बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. बेल दाबली तर दार बोटभर उघडलं.

“कोण?”

“अ‍ॅम्प बघायला आलोय. कोल्हापूरहून.”

“बरं. मग चारनंतर या हां. आत्ता झोप आहे.”

घाट उतरून आलेल्या माणसाला झोपेनं हरवलं. मी बाजारात जाऊन खानावळीत बसलो आणि सुरमईचं ताट मागवलं. दर फळ्यावर लिहिला होता. मी सवयीनं म्हणालो, “थोडं कमी करा की.” मालक म्हणाला, “करतो ना. मासा कमी करतो.” सुरमई मात्र अशी होती, की मला तिच्यात एकही खोट काढता आली नाही. याचा मला जेवणभर त्रास झाला.

चारनंतर अप्पांनी कापड दूर केलं. खाली होता कराओकेचा डबा. पुढच्या जाळीत रंगीत दिवे.

“गिटार कुठं लावायची?” मी विचारलं.

“ते काय, ते भोक आहे ना.”

“ते माइकचं आहे, अप्पा.”

“मग गिटारपुढे माइक धरा.”

“आणि हे दिवे कशाला?”

“ते आवाजाबरोबर बदलतात. हळू बोललं की निळे.”

“अहो, मी एवढा घाट उतरून निळे दिवे बघायला आलोय काय?” माझा आवाज चढला. समोरचा माइक चालूच होता. सगळा डबा लालभडक झाला.

“हे बघा, कसे छान आले लाल!” अप्पा म्हणाले. “आमच्या घरी कोणी ओरडतच नाही, त्यामुळे दिसत नव्हते.”

अशा माणसाशी भांडता येत नाही. निघताना त्यांनी कोकमाचं सरबत दिलं आणि सहज म्हणाले, “तुम्हाला ते गिटारवाल्यांचं खोकं हवं असेल तर आमच्या सासुरवाडीला आहे एक. देवरूखच्या अलीकडे. देवळात. नवीन स्पीकर आले म्हणून ते काढणार आहेत म्हणे.”

देवळात गिटारचा अ‍ॅम्प. मी मनात म्हटलं, तिथं तरी दिवे समईचे असतील.

रात्र एका स्वस्त लॉजवर काढून सकाळी निघालो. साखरप्यापर्यंत आल्या वाटेनं आणि तिथून देवरूखच्या रस्त्याला. दोन्ही बाजूंना कातळाचा सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार), त्यावर वाळलेलं पिवळं गवत, मधेच मोहरलेली आंब्याची झाडं. जांभ्याचे गडगे (दगड रचून केलेली बुटकी कुंपणं) इतके सरळ, की ते रचणाऱ्याला हातखंब्याच्या कामावर पाठवावंसं वाटलं.

गावात शिरलो तर देऊळ उघडं आणि अंगणात दोघं बसलेले. एक गुरव, म्हणजे तिथले पुजारी. दुसरे भाई, गावच्या मंडळाचे अध्यक्ष. भाई तरुणपणी मोठ्या प्रवासी बोटीवर बँडमध्ये गिटार वाजवायचे. हा अ‍ॅम्प त्यांचाच. संधिवातानं बोटं आखडली तेव्हा गाव गाठलं आणि अ‍ॅम्प देवाला देऊन टाकला.

अ‍ॅम्प सभामंडपाच्या कोपऱ्यात होता. ताडपत्रीखाली, वर हळदकुंकू आणि एक ताजं जास्वंदीचं फूल.

“याच्यावर काय काय वाजवता?” मी विचारलं.

“सगला चालतो,” भाई म्हणाले. “भजन हाय, शिमग्याची बोंब हाय. किरकेटची कॉमेंटरी यावरच व्हते. पानी कंदी येनार त्ये पन यावरच सांगताव.”

मी गिटार जोडली. गझलेचे दोन सूर वाजवले. लोण्यासारखे आले. लावणीचा तुकडा वाजवला, तो मिरचीसारखा आला. मग एक बटण पूर्ण फिरवलं आणि असा फाटका आवाज निघाला, की पारावरचं कुत्रं उठून देवळात आलं आणि बसून राहिलं. भाईंची वाकडी बोटं गुडघ्यावर हलत होती.

माझ्या छातीत काय झालं ते मी सांगणार नाही. चेहरा मात्र मी कुजका बटाटा बघितल्यासारखा केला. हे आमच्या धंद्याचं पहिलं शास्त्र. जुनी बॅटरी घेताना तिला आधी नावं ठेवायची. मग विकणारा तुमच्या खानदानाला नावं ठेवतो. मग दोघं चहा पितात आणि भाव ठरतो.

“काय वो पावनं, कसा वाटला?” भाईंनी विचारलं.

“काय सांगू भाई,” मी सुस्कारा सोडला. “स्पीकरचा कागद सैल झालाय. आवाज घरघरतो. बटणं खरखरतात. लाकूड पावसानं फुगलंय. नेला तरी दुरुस्तीतच मरणार मी.”

आता भाई उसळतील म्हणून मी सरसावून बसलो. भाईंचा चेहरा पडला.

“बगा गुरव,” ते हळूच म्हणाले, “मी सांगत व्हतो ना, पावसाल्यात आत घ्या म्हनून.”

“मंग असला पावन्याला कसा इकायचा?” गुरव म्हणाले. “देवाचं नाव हाय त्यावर. उद्या बंद पडला तर?”

“नाय नाय. इकायचा नाय,” भाईंनी ताडपत्री ओढली. “पावनं, माफ करा. लांबून आलात. वायच जेवून जावा.”

माझं सगळं शास्त्र त्या ताडपत्रीखाली गेलं. आयुष्यात कुणी माझ्यावर इतक्या पटकन विश्वास ठेवला नव्हता, आणि ठेवला तो नेमका तेव्हा.

“अहो, तसा अगदीच वाईट नाही,” मी म्हणालो.

“घरघरतो म्हनालात.”

“ती घरघर चांगली असते. मुद्दाम करतात.”

“आनि बटनं?”

“पुसली की झालं.”

“लाकूड?”

“लाकूड काय, आताच्या अ‍ॅम्पना मिळणार नाही असलं लाकूड!”

गुरवांनी ताडपत्रीचं टोक उचलून आत बघितलं. “येवडा चांगला हाय,” ते म्हणाले, “तर मंग इकायचा कशाला?”

इथं माझं डोकं फिरलं. “तुम्ही माल विकायला बसलाय का माझी परीक्षा घ्यायला? वाईट म्हटलं तरी नाही, चांगलं म्हटलं तरी नाही! मग मी म्हणू तरी काय?”

मंडपात माझाच आवाज घुमला. कोल्हापुरात यावर निदान चार माणसं जमली असती. इथंही जमली, पण येताना पायरीवर हात लावून नमस्कार करत आली.

“रागावू नका,” भाई म्हणाले. “देवाची वस्तू हाय. देवालाच इचारूया.”

कोकणात देवाला कौल लावतात, हे ऐकून होतो. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्याआधी गाऱ्हाणं (देवापुढं मांडलेलं म्हणणं) घालायचं आणि प्रत्येक वाक्याला गावानं होकार द्यायचा.

गुरवांनी हात जोडले. “बा देवा महाराजा, ह्यो पावना कोल्हापुरास्नं तुज्या पायाशी आला हाय...”

“व्हय महाराजा!” सगळे म्हणाले.

“...तुजा बाजा मागतो हाय.”

“व्हय महाराजा!”

मग ते माझ्याकडं वळले. “बरा का वायट, त्ये तुमीच सांगा. आमी देवाला खोटं कसं सांगनार?”

गिऱ्हाईक, दुकानदार, दलाल, सगळ्यांसमोर मी बोललोय. इथं समोर काळा दगड आणि त्याचे चांदीचे डोळे. भावाची एकही खूण त्या चेहऱ्यावर नव्हती.

“चांगला आहे,” मी म्हणालो. “एवढा चांगला मी आजवर वाजवला नाही.”

“व्हय महाराजा!”

“मला हवाय.”

“व्हय महाराजा!”

“का हवाय, त्ये पन सांगा,” भाई म्हणाले.

एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. “निम्मे पैसे माझे होते, तरी विलासनं माझा अ‍ॅम्प ठेवून घेतला!”

“व्हय महाराजा!”

“वर सगळ्यांना सांगत फिरला, की मीच भांडखोर!”

“व्हय महाराजा!” हे जरा जास्तच जोरात आलं, पण मी मनाला लावून घेतलं नाही. कोल्हापुरात माझ्या बायकोनंसुद्धा या प्रकरणात ‘सोडून द्या’ एवढंच म्हटलं होतं. इथं अनोळखी गाव एका सुरात माझ्या बाजूनं ओरडत होतं. मी डोळे पुसले. उदबत्तीचा धूर फार होता.

गुरवांनी पाकळ्या लावल्या. विकावा का? डावी पडली. पुन्हा लावल्या. मग ठेवावा का? पुन्हा डावी.

“इकू नको म्हनतो,” गुरव विचारात पडले. “ठेवू नको पन म्हनतो.”

“मंग दिऊन टाका,” भाई म्हणाले, जणू दुसरा अर्थ निघूच शकत नव्हता.

“देऊन म्हणजे? किती घेणार?”

“काय नाय. पैशाचा कौल झाला नाय.”

मी एक आकडा बोललो. भाईंनी मान हलवली. मी वाढवला. त्यांनी पुन्हा हलवली. आणलेलं सगळं पाकीट मी पायरीवर ठेवलं. त्यांनी ते उचलून माझ्या खिशात घातलं. जन्मात पहिल्यांदा मी भाव चढवत होतो आणि समोरचा शून्यावरून हलत नव्हता. आणि मी हरलो.

“येकच,” भाई म्हणाले. “शिमग्याला पालखी सहाणेवर (पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर) बसते. तेवा घिऊन या आनि वाजवा. देवाचा हाय, देवाला ऐकू आला पायजे.” मग ताडपत्रीची घडी घालत म्हणाले, “माला पन.”

“लिहून देऊ का?” मी विचारलं.

“कशाला? सगल्यांनी ऐकलंय ना.”

भाईंच्या घरी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा जेवलो. वाढताना वहिनींनी विचारलं, “ह्यो इलास येतो का शिमग्याला?” तेवढ्यात त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती.

चार जणांनी अ‍ॅम्प व्हॅनमध्ये चढवून दोरीनं बांधून दिला. जास्वंदीचं फूल तसंच राहिलं. या वेळी आंबा घाटात दरी दिसली. खरंच खोल आहे. चढताना मी दर वळणावर मागं बघत होतो, आणि डोक्यात विलासचा कायदा फिरत होता. वस्तू ज्याच्या घरात, त्याची. घाट ओलांडला की अ‍ॅम्प माझ्या घरात. कागद नाही, पावती नाही. देवरूखकडचं एक गाव कोल्हापुरात येऊन कुणाचं दार वाजवणार? जो कायदा इतके दिवस मला चावत होता, तो पहिल्यांदाच माझ्या बाजूनं उभा होता. चांगला वकील होता, पण फी म्हणून मला विलास व्हावं लागणार होतं.

घाटमाथ्यावर चहाला थांबलो. टपरीवाल्यानं काचेतून व्हॅनमध्ये डोकावून बघितलं.

“केवढ्याला पडला?” आमच्याकडं नाव विचारायच्या आधी हे विचारतात.

“फुकट.”

त्यानं पेटीवरचं कुंकू बघितलं, मग मला बघितलं. देवळातून घंटा चोरणाऱ्याकडं बघावं तसं.

“देवळातला दिसतोय.”

“दिलाय त्यांनी!”

“असं कोण देतं काय, पाव्हणं?”

मग मी त्याला तावातावानं सगळं सांगितलं. पाकळ्या, गाऱ्हाणं, शिमगा, भाईंची बोटं, सगळं. त्यानं चहा गाळत ऐकून घेतलं.

“म्हणजे शिमग्याला परत घाट उतरून नेणार? कुणी विचारायला येणार नसताना?”

“नेणार की,” मी म्हणालो, आणि मला माझाच भयंकर संताप आला. कारण नफातोटा, दुरुस्ती, डिझेल, काहीही हिशेबात न धरता मी शब्द दिला होता आणि तो मी पाळणार होतो. इतका तोट्याचा सौदा मी उभ्या आयुष्यात केलेला नाही.